परक्या नंबरची गाडी

मी एक मोटारसायकल बोलतेय. जुनी आहे, आणि सध्या फार घाबरलेली आहे. माझ्या पाटीवर मध्य प्रदेशचा नंबर आहे, एवढंच त्याचं कारण.

माझा मालक भेरूलाल. इंदापुरात भाड्याच्या खोलीत राहतो आणि माझ्या पाठीवर चादरी, सतरंज्या बांधून गावोगाव विकतो. दर हिवाळ्यात आम्ही लासुर्ण्याच्या रंगूबाईंच्या दारात थांबायचो. त्या भावावरून हुज्जत घालायच्या, मग चहा द्यायच्या. मी कडुलिंबाखाली गार होत उभी राहायचे.

यंदा मोबाइलवर एक निरोप फिरू लागला. मुलं पळवणारे आलेत, परक्या नंबरच्या गाड्यांवरून फिरतात. कुठलंही मूल हरवलं नव्हतं. तरी माणसं भेरूलालच्या तोंडाकडे बघायच्या आधी माझी पाटी वाचू लागली.

लासुर्ण्यातच, भर दुपारी, संस्कृती नावाची चिमुरडी मोराची चादर बघायला आली. भेरूलालनं घडी उलगडून तिच्यापुढं धरली. तेवढ्यात दिग्विजय नावाच्या तरुणानं येऊन माझी चावी काढून घेतली.

"हिला कुठं न्यायला निघालास?"

"नही भाऊ, चादर दाखवतो."

"मीच आले बघाया," संस्कृती रडत सांगत होती. तिचं कुणी ऐकलं नाही.

बघता बघता माणसं जमली. कुणी गाठोडं ओढलं, कुणी भेरूलालची कॉलर. मला लाथ बसली. मी आडवी पडले, पेट्रोल मातीत सांडलं. खालून मला नुसते पाय दिसत होते. त्यांत भेरूलालचे पाय अनवाणी झाले होते.

कुणीतरी म्हणालं, "गाडीला काडी लावा."

रंगूबाई गर्दीत घुसल्या. "सोडा त्याला. मी वळखते."

"वळखतीस तर नाव सांग की त्याचं, काकू."

इतक्या वर्षांत त्यांनी नाव विचारलंच नव्हतं. ते मला काडीपेक्षा भयंकर वाटलं.

मग त्या माझ्याशेजारी, पेट्रोलनं भिजलेल्या मातीत बसल्या. "नाव न्हाय मला ठावं. पर मी हितनं उठायची न्हाय. लावा काडी."

पोलिसांची गाडी येईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

चौकशीत काही निघालं नाही. दिग्विजयनं चावी माझ्या सीटवर ठेवली आणि मान फिरवून निघून गेला. रंगूबाईंनी मातीतल्या चादरी झटकून दिल्या आणि विचारलं, "काय रं बाबा नाव तुझं?" त्यानं सांगितलं. त्यांनी ते हळूच म्हणून बघितलं.

मी आज चालते, पण गावात शिरलो की भेरूलाल माझं इंजिन बंद करत नाही. परकी पाटी दिसली तर जरूर अडवा, चौकशी करा. फक्त आधी माणसाशी बोला, एवढंच माझं मागणं आहे.

काल अंथुर्ण्यात एक लहान पोरगी माझ्या दिव्याला हात लावायला आली. भेरूलालची मुलगी गावाकडं एवढीच आहे. त्यानं त्या पोरीपुढं हात जोडले. "बेटा, लांब जा," म्हणाला. तिची आई चादर घेऊन पैसे आणायला घरात गेली होती. ती बाहेर यायच्या आत त्यानं गिअर टाकला होता.