शत्रुघ्नचं तिसरं भाषण

शत्रुघ्नचा आवाज म्हणजे काय विचारता! निर्मळपासून अर्नाळ्यापर्यंत टेनिस बॉलच्या सगळ्या सामन्यांचं समालोचन तोच करायचा. त्याच्या हातात माईक असला की शून्यावर बाद झालेला पोरगाही छाती काढून परतायचा. असा माणूस बावखल वाचवायला उभा राहिला, तेव्हा अख्खं गाव त्याच्यामागे आलं यात नवल नव्हतं.

बावखल म्हणजे वाड्यांमधलं जुनं तळं. फिलोमिना मावशीची केळी आणि मोगरा त्याच पाण्यावर जगत होता. एका बिल्डरला नेमकी तीच जागा हवी होती, म्हणून तो डंपरनं माती आणून तळं बुजवत सुटला होता.

शत्रुघ्ननं काठावर दोन सभा घेतल्या. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, व्हिडिओ पार शहरातल्या एव्हरशाईन कॉलनीपर्यंत फिरले. मग सामना जिंकल्यासारखी माणसं खुशीत जेवायला गेली. आणि दोन्ही वेळा, इकडे ताटं वाढली जात असताना, तिकडे डंपर येऊन रिकामे झाले. निम्मं तळं गेलं.

तिसऱ्या सभेच्या दिवशी सकाळीच मावशी त्याच्या दारात आली.

"तुजं भाषण आयकून लोकांचं पोट भरतं रे," ती म्हणाली. "मंग ते घरी जातात. माज्या केळीला पानी कोन देनार?"

शत्रुघ्नला राग आला. लोकांसाठी मरमर मरायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं! पण आरशासमोर भाषणाची तयारी करताना त्याला आठवलं, की दोन्ही सभांनंतर सगळ्यात आधी घरी पळाला होता तो स्वतःच. आपला व्हिडिओ बघायला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सभेला या वेळी पोलीस होते, तहसील कचेरीतले एक साहेबही होते. मागे रस्त्यावर मातीनं भरलेला डंपर थांबला होता. साहेबांनी अगदी गोड हसत माईक त्याच्या हातात दिला. दोन शब्द बोला, म्हणाले, लोकांची समजूत पटते तुमच्यामुळे, मग सगळे आपापल्या घरी जातील.

आपलं भाषण कुणाला हवंय ते शत्रुघ्नला तेव्हा नीट कळलं. समोर मोबाईल वर झाले होते. घसा नुसता शिवशिवत होता. त्यानं माईक बंद केला, साहेबांच्या हातात परत ठेवला आणि डंपरच्या वाटेत फतकल मारून बसला.

लोक चक्रावले. भाषण संपलं की निघायचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते सुरूच झालं नाही तर निघायचं कधी? शेवटी मावशी बसली, मग तिच्यामागे एकेक जण बसत गेला. जेवणाची वेळ झाली तशी शेजारच्या रीमानं भाताचं पातेलं तिथेच आणलं. साहेब दोनदा विनवायला आले. शत्रुघ्ननं दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली.

चारच्या सुमाराला भरलेला डंपर तसाच मागे वळला. कल्पेश, गावच्या संघाचा कप्तान, टाळ्या वाजवत उठला आणि चपला शोधू लागला.

"बस खाली," मावशी म्हणाली. "आदी टाकलेली माती कोन उचलनार?"

कल्पेश चपला सोडून परत बसला. साहेब वैतागून शत्रुघ्नसमोर आले आणि आता आणखी काय हवंय म्हणून विचारू लागले.

"रिकामा डंपर बोलवा," शत्रुघ्न म्हणाला. त्या सभेत तो एवढंच बोलला.