शिशातले पायॉन

करुणानं रक्ताचं पाणी करून मॉडेल उभं केलं, आणि तिचे पीएचडीचे गाईड साहेबराव सर आयत्या बिळावर नागोबासारखे त्यावर जाऊन बसले. प्रोटॉन अणूच्या केंद्रकावर आदळला की पायॉन नावाचे कण जन्माला येतात. ते किती निघतील, कुठल्या वेगानं, हे कॉम्प्युटरवर मांडायचं तिचं काम. आईच्या ऑपरेशनसाठी ती वैजापूरला गेली, तेवढ्यात सरांनी लॅबच्या मशीनवरून तिचा प्रोग्रॅम उचलला आणि काही महिन्यांत पेपर छापूनही आणला. नाव एकट्याचं. विचारायला गेली तर म्हणाले, तुम्हा लोकांना सगळं लगेच पाहिजे असतं.

‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कुणाला, हे गारखेड्यातल्या बौद्धाच्या पोरीला काय समजावून सांगावं लागतं व्हय? ती पेटलीच. मॉडेल माझं आहे, हे ह्याच माणसाच्या तोंडून भर सभेत वदवून घेईन, असं तिनं तिथल्या तिथं ठरवलं.

पेपर वाचला आणि तिला वाट सापडली. शिशाचं केंद्रक लई मोठं. आत जन्मलेले कितीतरी पायॉन बाहेर यायच्या आधीच तिथं गिळले जातात. कार्बनवर चाचणी घेताना काम लवकर उरकावं म्हणून तिनं ही गिळायची पायरी बंद ठेवली होती. कार्बन लहानगा, तिथं फारसं बिघडत नाही. सरांनी तोच प्रोग्रॅम आत न डोकावता शिशाला लावला होता. सांगावं का त्यांना? सांगते माझी चप्पल! ती मूग गिळून बसली.

विभागातल्या सेमिनारला पुण्याहून रत्नमाला मॅडम आल्या, याच विषयातल्या जाणत्या. सर तोच पेपर मांडताना रंगात आलेले. करुणा उठली आणि तिनं अगदी नम्रपणे विचारलं, की शिशातून इतके पायॉन निघाले कसे, प्रयोगात तर फार कमी मिळतात. मॅडमनी चष्मा सरसावला. केंद्रकात पायॉन गिळले जातात, ते शोषण कुठं धरलंय ते दाखवा, म्हणाल्या. सर पडद्यावरची चित्रं मागं-पुढं करत राहिले. दाखवणार काय, कपाळ?

शेवटी ते करुणाकडं बोट करून म्हणाले, “प्रोग्रॅम हिनं लिहिलाय. चूक हिची आहे.”

करुणाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“व्हय, सगळा मीच लिहिलाय,” ती म्हणाली. “पेपरवर नाव मात्र सरांचं आहे.”

मॅडमनी सरांकडं एकदा पाहिलं आणि करुणाला पुढं येऊन समजावून सांगायला सांगितलं. ती सावकाश मंचावर चढली.

“सर, जरा बाजूला व्हा.”

आणि ते झाले.