कपाळावरची आठी

“सख्ख्या आजीला हात लावायला परवानगी कसली मागतेस? मी काय पाहुणी आहे?”

नातीने ओला टॉवेल हातात तसाच धरून ठेवला. “पाठ पुसायची आहे, आजी. डाव्या कुशीवर वळवू का?”

“नाही म्हटलं तर घरी जाशील?”

“नाही. थोड्या वेळाने परत विचारीन.”

“पूस बाई, पूस.”

मांडीचं हाड मोडून म्हातारी या वॉर्डात येऊन पडली, त्याआधीपासूनच नात इथे मदतनीस होती. नर्सिंगला अर्ज करायचा तर इस्पितळातलं काम आधी हाताखालून गेलेलं बरं, हे तिचं तिनेच ठरवलेलं. बापाने मात्र हात झटकले होते: “आई म्हणेल ते.” आणि त्याच्या आईचं, म्हणजे म्हातारीचं, म्हणणं पक्कं होतं. लोकांचे बेडपॅन उचलायला नात वाढवली नव्हती तिने. शनिवारी अर्जाची मुदत संपत होती, आणि नात त्यावर चकार शब्द काढत नव्हती. हट्ट केला असता तर झापायला तरी मिळालं असतं.

पाठ पुसून झाली. नात शेजारच्या खाटेकडे वळली आणि तिने पडदा ओढला. तिथली बाई पक्षाघाताचा झटका आल्यापासून डोळे मिटून पडलेली, ना हूं ना चूं. पडद्याच्या फटीतून म्हातारीला सगळं दिसत होतं, आणि दिसत असताना न बघणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“काकू, कूस बदलायची आहे. वळवू का?”

नात थांबली. आजीच्या उत्तरासाठी थांबली होती तितकीच.

पलीकडून धरायला आलेली आया हसली. “काय गं, हो म्हणाल्या का?”

“नाही. पण नको पण नाही म्हणाल्या.”

दोघींनी मिळून बाईला वळवलं. आया चादर ओढायला लागली. नातीची नजर मात्र त्या चेहऱ्यावरून हलेना. कपाळावर बारीकशी आठी पडली होती, चुकून पडावी तशी.

“मावशी, थांबा जरा. काहीतरी खुपतंय त्यांना.”

तिने बाईच्या अंगाखाली हात सरकवला. बाईचा हात खाली मुडपून दबला होता. तो तिने अलगद सोडवला, एकेक बोट सरळ केलं.

“चुकलं माझं, काकू.”

आठी हळूहळू विरली. आया आता हसत नव्हती. तिने चादरीची कडा नीट खोचली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

म्हातारीने चष्मा काढला, पांघरुणाच्या टोकाने पुसला, तरी समोरचं पुसटच. नात पाण्याचं घमेलं उचलायला आली तेव्हा ती छताकडे बघत होती.

“बापाला जाऊन सांग, आई म्हणाली, ही पोरगी घरात ठेवायच्या लायकीची नाही. शनिवारच्या आत अर्ज भर आणि कर तोंड काळं.”