छडी पुढं, घोडी मागं

"मास्तर, हा पुढं चालणार?" नवरदेवाच्या रतिलालमामांनी विचारलं. प्रश्न बँडमालक हनीफना होता. नजर मात्र त्यांच्या मुलाच्या, शेहजादच्या पायांवर.

"नेहमी तोच चालतो, मामा."

"चालतो कुठं? रांगतो! शुभकार्यात पुढं वाकडं पाऊल नको. त्यात मुहूर्त गाठायचाय."

शेहजाद आयुष्यात एकदाच वेळेआधी पोचला होता, जन्माला. सातवा महिना लागता लागता. जळगावला काचेच्या पेटीत महिने काढून तो अमळनेरला घरी आला, तोवर मोहल्ल्यातल्या बायकांनी त्याच्या आईचं, अमिनाबीचं, सांत्वन आगाऊच उरकून घेतलं होतं. ते वाया गेलं. पाय मात्र ताठर राहिले, टाचा जमिनीला टेकेनात, चष्मा जाड झाला आणि फुप्फुसं अशी, की फुगासुद्धा हप्त्याहप्त्यानं फुगवावा. बँडवाल्याच्या घरात हा मुलगा म्हणजे हलवायाच्या घरात मधुमेह. हनीफनी त्याच्या हातात क्लॅरिनेटऐवजी बँडमास्तरची छडी दिली आणि त्याला सगळ्यांच्या पुढं उभं केलं.

बँडचं नाव झालं ते तिथून. खान्देशात मिरवणूक जितकी हळू तितकी मानाची. काही पावलं गेली की शेहजादला दम लागे; तो छडी उंच धरून थांबे. लोक म्हणत, काय अदा आहे! तेवढ्यात करवल्या नाचून घेत, म्हाताऱ्या गुडघे चोळून घेत. शेहजादनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

आज हनीफ काही बोलायच्या आत त्यानं छडी चुलतभावाला, हसीबला दिली. भांडायलाही श्वास लागतो. "मी गाडीवर बसतो, अब्बा," म्हणून तो ऑर्गनच्या गाडीवर चढला. आपल्या बँडची पाठ त्यानं पहिल्यांदाच पाहिली. पाहवली नाही.

हसीबचे पाय उत्तम होते. तेच नडलं. हसीब भराभर निघाला; त्याच्यामागे बँड, बँडमागे घोडी, आणि घोडीमागे कुणीच नाही. वऱ्हाड अजून चौकात फेटे बांधत होतं. मिरवणूक कार्यालयाच्या दारात धडकली तेव्हा वधूकडची मंडळी चहा पीत होती. ओवाळायला दारात कुणी नव्हतं. कांद्याचं पोतं घेऊन एक आचारी तेवढा उभा होता. त्यानं आदरानं बाजूला होऊन घोडीला वाट दिली.

धापा टाकत नवरदेवाची आई, द्रौपदाबाई, पोचली. "मन्हा पोऱ्याले पयाडत लई उनात! आम्ही काय चोर शेतस का?" लेकाला असं पळवत आणलेलं तिला सोसेना.

"अक्का, मुहूर्त..." रतिलालमामा म्हणाले.

"मुहूर्त ऱ्हाऊ दे तुन्हा! फिरावा घोडी. चौकपाईन पुन्हा. आणि त्या चष्मावाला पोऱ्याले पुढं करा."

घोडीवरून नवरदेवानं, हितेंद्रनं, मुंडावळ्या बाजूला सारून मामांकडे पाहिलं. मामांनी दुसरीकडे.

सगळं वऱ्हाड चौकात परतलं. हसीब छडी घेऊन गाडीजवळ आला. शेहजादनं हात पुढे केला नाही.

"मामांनी काढायला लावली. मामांनीच द्यावी."

हनीफ गाडीशी आले. हंगामातलं मोठं लग्न, तालुकाभरचे लोक जमलेले. हे बिघडलं तर बँडला दारात कोण उभं करणार? "शेहजाद, जाने दे बेटा," ते पुटपुटले. शेहजादनं चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि बसून राहिला.

"रतिलाल," द्रौपदाबाई म्हणाली, "घोडी उभी शे."

मामांनी हसीबच्या हातातली छडी घेतली. गाडीच्या कडेशी गेले. "घे बाबा," म्हणाले. मग, बहीण बघतेय म्हणून की काय, दुसरा हातही पुढं केला. त्या हाताला धरून शेहजाद खाली उतरला.

बँड वाजू लागला. नेमक्या भर रस्त्यात, गाणं रंगात असताना, त्याला दम लागला. छडी वर गेली. बँड थांबला, घोडी थांबली, मागं वऱ्हाड थांबलं आणि त्यामागं अडकलेली धुळ्याची एसटीही. हनीफच्या ओठांना ट्रंपेट होतं, गालांत हवा भरलेली होती. ती तशीच धरून ते धापेनं हलणाऱ्या मुलाच्या पाठीकडे पाहत राहिले, ती स्थिर होईपर्यंत.