मास्तरांची खुर्ची

थोरलीचं सगळं आयुष्य लिफ्टच्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिण्यात गेलं होतं. त्या कामात मेमरीचा कण न् कण स्वतः मागून घ्यायचा, वापरायचा आणि आठवणीने परत करायचा. जरा हयगय झाली, तर माणसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकायची. तिची लिफ्ट कधी अडकली नाही, आणि याचा तिला रास्त अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर तिने धाकट्या बहिणीचं काम अंगावर घेतलं. धाकटी एका डायलिसिस केंद्रात काउंटर सांभाळायची. वेळ ठरवायची, बदलायची, रद्द करायची, सगळं फोनवर. घरी येईस्तोवर तिचा घसा पार बसलेला असायचा. पेशंटना घरबसल्या वेळ घेता येईल अशी वेबसाइट मी करून देते, असा शब्द थोरलीने दिला.

धाकटीची लेक वेबसाइट बनवायचंच काम करायची. पायथनसारखी वरच्या पातळीची भाषा घे, निम्मं आयतं मिळेल, असं तिने सुचवलं. 'आयतं' हा शब्द थोरलीच्या डोक्यात गेला. तिने लिफ्टच्या कामातली आपली जुनी सी भाषाच धरली. लॉगिन, तारखा, ब्राउझरशी बोलणं, सगळं हाताने लिहायला घेतलं. महिने उलटले, धाकटीने विचारायचंही सोडलं.

शेवटी मोजक्या पेशंटवर चाचणी झाली. त्यांतल्या एका निवृत्त मास्तरांनी आपलं नाव पणजोबांसकट साग्रसंगीत लिहिलं. थोरलीने नावासाठी ठेवलेल्या जागेत ते मावेना. उरलेली अक्षरं मेमरीत शेजारी सांडली आणि तिथे लिहिलेली वेळ बिघडवून बसली. सकाळी डायलिसिसच्या एकाच खुर्चीसाठी दोघे हजर. मास्तरांनी दुसऱ्याला बसू दिलं आणि स्वतः सुजलेले पाय घेऊन बाकावर थांबले.

चाचणी बघायला आलेली थोरली त्यांच्या शेजारी जाऊन बसली. चूक माझी आहे, असं तिने सरळ सांगितलं.

"पुढच्या वेळी नाव जरा आखूड लिहू का?" मास्तरांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तिला ते फार लागलं. घरी जाऊन तिने भाचीला बोलावून घेतलं.

सुट्टीच्या दिवशी मावशी-भाची जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसल्या. पायथनमध्ये नाव कितीही लांब असो, जागेची काळजी भाषाच घेत होती. लॉगिन तयार, तारखांचा हिशोब तयार, आणि लिहिलेलं लगेच चालवून बघता येत होतं. जेवणं उरकली तोवर पहिलं पान चालूही झालं. थोरलीला आनंद व्हायला हवा होता, पण तिने विचारलं,

"मग मी जन्मभर केलं ते काय, फुकट?"

भाचीने लॅपटॉपवरचे हात काढले. "मावशी, ही भाषा मुळात तुझ्या सीमध्येच लिहिलीय. तुझ्यासारख्यांनी मेमरीची उस्तवार एकदा नीट करून ठेवली, म्हणून मला ती रोज करावी लागत नाही."

थोरलीने चष्मा पुसला. मग म्हणाली, "पुढचं दाखव."

वेबसाइट उभी राहिली आणि थोरलीकडे वेळच वेळ उरला. तो ती केंद्रातल्या बाकावर घालवू लागली. कुणाला अक्षरं मोठी हवी होती, कुणाच्या बोटांना बारीक बटणं सापडत नव्हती. पूर्वी अशा बदलांना तिने नाक मुरडलं असतं, कारण एक वीट काढली की भिंत डुगडुगायची. आता चार ओळी बदलल्या की भागायचं. मास्तरांची मागणी मात्र वेगळीच निघाली. बुद्धिबळ खेळणारा एक दोस्त त्यांना तिथेच भेटला होता. दोघांना शेजारच्या खुर्च्या मिळतील का, असं त्यांनी संकोचत विचारलं.

'सोबत कोण हवं?' असा एक प्रश्न तिने पानावर वाढवला. आठवड्याभरात निम्म्याहून जास्त पेशंटनी तो भरला. एवढी माणसं एकमेकांना ओळखतात हे काउंटरवर बसून धाकटीलाही कधी कळलं नव्हतं. फोन बराच वेळ वाजला नाही, तेव्हा ती उठली आणि मास्तरांचा त्या दोस्ताशी चाललेला डाव बघायला आत गेली.