कोरडं आळं

सासऱ्यांनी लिंबाच्या आळ्यातला पालापाचोळा खुरप्याने बाजूला केला, दोन बोटं मातीत खुपसली आणि बाहेर काढून डोळ्यांजवळ नेली. बोटांना माती चिकटली नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा खुपसून पाहिली, जणू पहिल्या वेळी माती खोटं बोलली असावी.

"ठणठणीत कोरडं," ते म्हणाले.

पायरीवर चहा पीत बसलेल्या त्यांच्या मुलाने मान वर केली. "म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, बाबा." आणि स्वतःच्याच विनोदावर तो खूश होऊन हसला. या माणसाला असे विनोद सुचायचे आणि सुचले की ते घरभर, मग ऑफिसभर, मग नात्यागोत्यात फिरवून आणल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही.

"नळी फुटली असणार," सासरे म्हणाले. " उद्या प्लंबरला बोलव. मोरीपासून इथपर्यंत खणून काढू."

सून दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने एकाच रुमालाला तीन चिमटे लावले.

नळी फुटलेली नव्हती, हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं.

ही बाग सासऱ्यांनी घरातल्या वापरून झालेल्या पाण्यावर वाढवली होती. जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळला होता, त्यामुळे निवृत्त झाल्यावर घरात नळ्या टाकल्यावाचून त्यांना करमेना. न्हाणीघराचं आणि धुण्याच्या मशीनचं पाणी आधी खडी-वाळूच्या टाकीत पडायचं, तिथून पुरलेल्या नळीने लिंबाला, पपईला आणि भोपळ्याच्या वेलाला जायचं. हे सगळं ठीकच होतं, पण त्याबरोबर कायदेही आले. साबण कोणता, पूड किती, हे ते ठरवणार. कपडे पांढरे करणारी द्रव्यं बंद. जंतुनाशक औषध बंद. स्वयंपाकघरातलं पाणी तेलकट, म्हणून ते गटारात. पाहुणे आले की न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून त्यांना शाम्पूबद्दल प्रश्न विचारले जात. एक मावससासू तर त्यानंतर आंघोळ उरकूनच यायच्या.

नातू तान्हा असताना त्यांनी मोरीत मशीनच्या मागे, न्हाणीघराची नळी येऊन मिळायची तिथे, एक कॉक बसवला. एकीकडे फिरवला की सगळं पाणी बागेला, दुसरीकडे फिरवला की गटाराला. लंगोट आणि दुपटी औषध घालून धुवायची आणि ते पाणी बागेत येता कामा नये, असा नियम होता. "लंगोटांचं धुणं असलं की कॉक गटाराकडे," हे त्यांनी सुनेला इतक्यांदा सांगितलं की ती झोपेतही म्हणू शकली असती. आता नातू शिकायला परगावी होता आणि त्याला दाढी आली होती. कॉक तिथेच होता.

गेल्या थंडीत एका सकाळी तिने मशीनचं झाकण उघडलं, तर तळाशी टॉवेलात घट्ट गुंडाळलेली एक ओली चादर होती. चादर सासऱ्यांची होती. वर त्यांनी आपलेच दोन सदरे व्यवस्थित पसरून ठेवले होते. ज्या माणसाने आयुष्यात आपला कप विसळला नव्हता, त्याने स्वतःचं अंथरूण बदललं होतं. तिला त्यांची इतकी दया आली की तिला स्वतःचाच राग आला, कारण दया हा प्रकार त्यांना मुळीच खपला नसता.

तिने औषधाची बाटली आणली, कॉक गटाराकडे फिरवला आणि मशीन लावलं. नियम त्यांचाच होता. चादर तिने वर गच्चीत, कुणाला दिसणार नाही अशी वाळत घातली, आणि संध्याकाळी घडी करून त्यांच्या कपाटात ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे चादरी वाढल्या. धुणं आटोपल्यावर कॉक परत फिरवायचा राहू लागला, मग राहिलाच. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सासऱ्यांना मशीनमागे वाकता येत नव्हतं, त्यामुळे कॉक कुणी पाहत नव्हतं. लिंबाची पानं वळायला लागली, ती तिने रोज पाहिली आणि रोज उद्यावर ढकलली. नवऱ्याला सांगावं, असं तिच्या मनात अनेकदा आलं. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मनाने वाईट नव्हता. बापावर जीव होता त्याचा. तरी महिनाभरात ही गोष्ट तो कुठल्यातरी लग्नाच्या पंगतीत हसत हसत सांगणार, हे तिला नक्की माहीत होतं, आणि त्यानंतर सासरे खोलीबाहेर आले नसते, हेही.

त्या संध्याकाळी तिने मशीनमागे हात घालून कॉक बागेकडे फिरवला. आता प्लंबर येईल, पाणी येताना दिसेल आणि परत जाईल. तिला हायसं वाटलं.

सकाळी मशीनच्या तळाशी चादर होती.

प्लंबर मोरीच्या दारातच उभा होता, त्याच्या खांद्यामागून नवरा डोकावत होता. सासरे लिंबाजवळ स्टूल टाकून नळीच्या तोंडावर नजर लावून बसले होते.

"लाव गं मशीन!" नवरा म्हणाला. "बघू तरी कुठे गळतंय."

चादर बाहेर काढायची सोय नव्हती. तिने वरून घरचे कपडे टाकले, पूड टाकली आणि हाताच्या सवयीने झाकणभर औषधही ओतलं. मशीन सुरू झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं. ती बाहेर येऊन दोरीपाशी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने नळीने एक उचकी दिली आणि पाणी आलं. पांढरट, फेसाळ. पाण्याबरोबर वासही आला. सासऱ्यांनी ओंजळ पुढे केली, थोडं पाणी घेतलं, नाकाशी नेलं. पाणी बोटांमधून गळून गेलं. त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"काका, पाणी तर झकास येतंय," प्लंबर म्हणाला. "नळीला काही झालेलं नाही. मशीनमागे तुमचा कॉक आहे ना, तो इतके दिवस कुणीतरी गटाराकडे फिरवून ठेवला असणार. कुणी फिरवला?"

"आमच्याकडे कॉकला कोण हात लावणार?" नवरा म्हणाला. "काय गं, तू फिरवलास? आणि कशाला?"

ती दोरीवरचा एक चिमटा काढून पुन्हा लावू लागली.

"मी फिरवला," सासरे म्हणाले. त्यांनी ओला तळवा धोतराला पुसला. "मध्यंतरी टाकी साफ करायची होती, तेव्हा काठीने ढकलला. परत फिरवायचं विसरलो, ते आज पहाटे आठवलं."

"तुम्ही? विसरलात?"

"विसरलो म्हटलं ना."

नवऱ्याला आनंद आवरेना. कारखान्यातल्या प्रत्येक झडपेचा नंबर आजही तोंडपाठ सांगणारा बाप विसरला होता. प्लंबरला फाटकापर्यंत पोचवताना त्याने ते त्याला पुन्हा सांगितलं, आणि फाटकाशी उभ्या उभ्या फोन करून बहिणीलाही. "अगं, वय झालं आता बाबांचं!" त्याचा आवाज बागेत स्वच्छ ऐकू येत होता. सासरे स्टुलावर बसून तो शेवटपर्यंत ऐकत राहिले.

मशीन थांबलं. सुनेने कपडे बादलीत काढले, चादर तळाशी दडपली आणि जिन्याकडे निघाली.

"सूनबाई."

ती थांबली.

"वर कशाला नेतेस? इथे ऊन चांगलं आहे."

त्यांनी स्टुलावरून उठून बादलीत हात घातला आणि चादरीचं टोक ओढून बाहेर काढलं. दुसरं टोक तिने धरलं. दोघांनी दोन बाजूंनी पीळ दिला, पाणी आळ्यात पडलं.

"ते औषध टाकत जाऊ नकोस," चादर झटकत ते म्हणाले. "लिंबाला सोसत नाही."

"पण बाकीचं, बाबा? लंगोटांचा नियम..."

"बाकीचं सोसतं. तेव्हा मला एवढं कळत नव्हतं."

चादर दोरीवर पडली. तिच्या सुरकुत्या काढायला त्यांना बराच वेळ लागला.

"डॉक्टरांना दाखवू या का एकदा?" तिने विचारलं.

"गुरुवारी. तूच चल."

"आणि ह्यांना काय सांगू?"

फाटकाशी नवरा अजून फोनवर हसत होता. सासऱ्यांनी तिकडे पाहिलं.

"सांग, लिंबाला औषध आणायला गेलोय."

त्यांनी हात पुढे केला. तिने त्यावर चिमटे ठेवले.