पान छप्पन्न, वाक्य पाचवं

मी ताकाच्या गंजावरचं झाकण बोलतेय. दचकू नका. जन्माने मी पुस्तिका आहे. मोहफुलं कशी वेचावी, कशी वाळवावी ते सांगणारी. पानं एकशे बारा, किंमत नाही. धानोऱ्याच्या एका शिबिरात माझं फुकट वाटप झालं, आणि फुकटची वस्तू लोक जशी वापरतात तशीच मी वापरली गेले.

सुगंधाबाई मात्र माझ्यावरच वाचायला शिकल्या. शाळा कधी पाहिली नव्हती. चाळिसाव्या वर्षी, चुलीपुढे बसून, अक्षराला अक्षर जोडत. पान छप्पन्न त्यांच्या आवडीचं, कारण तिथे जोडाक्षरं कमी. 'झाडाखालचा पाला जाळू नये, खराट्याने काढावा.' हे त्यांनी इतक्यांदा मोठ्याने वाचलं की घरच्या कोंबड्यांनाही पाठ झालं असेल. मग मला मिटून त्या काडीपेटी घेऊन मोहाखाली जात. पाला जाळला की जमीन मोकळी होते, पडलेली फुलं पटकन दिसतात. जंगल पेटलंच, तर ते नेहमी दुसऱ्या कोणीतरी पेटवलेलं असे.

आता बाई अडुसष्टच्या. मोबाईलवर एका बोटाने ब्लॉग लिहितात. यंदा ऐन मोहाच्या दिवसांत ब्लॉगवाल्यांत खेळ निघाला: हाताजवळचं पुस्तक उचला, पान छप्पन्न उघडा, पाचवं वाक्य जसंच्या तसं टाका. निवडानिवड नाही. योगायोग बघा, पुण्या-नाशिकच्या सगळ्यांच्या हाताजवळ जाडजूड तत्त्वज्ञानच पडलेलं होतं. एकाच्याही शेजारी साधं पंचांग नव्हतं!

नात दिव्यानी कपाटातली कोरी कादंबरी घेऊन आली. "आजी, हे टाक वो. त्या झाकणातलं टाकशीन तं लोक हासतीन."

"जवळचं म्हनलं ना? मंग कपाटात काऊन जाऊ? माह्याजवळ ताक हाय, अन् ताकावर हे हाय."

मोजलं, तर पाचवं वाक्य पाल्याचंच निघालं. ते गेलं आणि कौतुक आलं. 'मनातला पाला! काय प्रतिमा!' एकाने तर जुन्या आठवणींवर अख्खा परिच्छेद लिहिला.

"अरे, पाला म्हंजे पाला!" बाई करवादल्या.

शेवटी नाशिकच्या कमलाताईंनी साधंच विचारलं, 'तुम्ही खराट्यानेच काढता ना?'

बाईंचं बोट थांबलं. "हो म्हन न, आजी. कोन येते पाहाले?" दिव्यानी म्हणाली. खरंच, कोण येणार होतं? पण जिने माझ्यावर अक्षरं गिरवली, तिने माझ्याच तोंडावर खोटं लिहिलं असतं, तर मी जन्मभर झाकणच राहिले असते.

'नाही,' बाईंनी लिहिलं. 'आजवर जाळलाच.'

याचं कौतुक करायला कोणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा निकेश काडीपेटी मागायला आला. हातात खराटा मिळाला.

"माय, एका लाइनीपायी माही कंबर मोडतं का?"

"साऱ्या दुनियेत कबूल करून बसली मी. आता झाड!" आणि दुसरा खराटा घेऊन त्या स्वतःही वाकल्या.

आता गंजावर ताटली असते. मी मोहाखाली, बाईंच्या पिशवीत. सुरुवातीच्या पानांना वाळवी लागलीय, पाठीवर ताकाचा गोल डाग आहे. ब्लॉगवाल्यांनो, खेळ जरूर खेळा, पण पानं जरा बेताने मागा. माझ्यात अजून एकशे अकरा आहेत, आणि बाईंची कंबर एकच आहे.